जुन्या गाडीचं स्टिअरिंग बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीचं स्टिअरिंग स्वतः बदलू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. गाडी कोणत्याही कंपनीची असो, मूळ रचना फारशी बदलत नाही. दाते पाडलेल्या शाफ्टवर स्टिअरिंग बसतं आणि मधला एक नट त्याला धरून ठेवतो. घोटाळे होतात ते स्टिअरिंगच्या मागे दडलेल्या वस्तूंमुळे: हॉर्नची तार, इंडिकेटर परत फिरवणारी खिट्टी, कॉलम (शाफ्ट ज्यातून खाली जातो ती नळी) आणि नंतरच्या काळातल्या गाड्यांत एअरबॅग. ज्यांच्या गाडीला एअरबॅग आहे त्यांनी आधी एअरबॅगचं उत्तर वाचावं आणि मगच पाना हातात घ्यावा.

स्टिअरिंगला भेगा पडल्यात. बदलावंच लागेल का?

भेगा कुठे आहेत त्यावर ठरतं. जुन्या स्टिअरिंगचा सांगाडा बहुधा पोलादी सळईचा असतो आणि त्यावर कडक रबर किंवा प्लॅस्टिक ओतलेलं असतं. उन्हाने, थंडीने आणि वयाने हे वरचं आवरण आक्रसतं, आतलं पोलाद आक्रसत नाही, म्हणून भेगा पडतात. त्या रिमवर, म्हणजे हातात धरायच्या गोल कडेवर, असतील तर दिसायला वाईट, हाताला बोचऱ्या, पण धोक्याच्या नाहीत. त्या भरता येतात. त्याबद्दल पुढे सांगितलंय.

स्पोक, म्हणजे रिमला मध्याशी जोडणारी पट्टी, जिथे मधल्या भागाला मिळतो तिथे धातूलाच चीर गेली असेल, तर मात्र ते स्टिअरिंग काढून ठेवा. जोडकाम करून पुन्हा वापरू नका. पातळ पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या स्पोकवर वेल्डिंग केलं की शेजारचा धातू कमकुवत होतो, आणि ताण नेमका तिथेच येतो. रिम दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढा, पुढे ढकला. ती वाकल्यासारखी वाटली किंवा करकरली, तर सांगाड्याकडे संशयाने बघा.

स्टिअरिंगमध्ये प्ले आहे. नवीन लावल्याने जाईल?

बहुतेक वेळा नाही. प्ले, म्हणजे स्टिअरिंग थोडं फिरूनही चाकं न वळणं, येतो तो कॉलममधल्या बुशच्या कडीमुळे, शाफ्टच्या सांध्यांमुळे, शाफ्टच्या खालच्या गिअरच्या डब्यामुळे (स्टिअरिंग बॉक्स), चाकं वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकांमुळे. ओळखायला सोपं आहे. स्टिअरिंग वर-खाली हलवून पाहा: सगळा कॉलम डुगडुगत असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलंय. मधला नट उघडा करून त्याकडे बघत स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करा: नट स्थिर आणि स्टिअरिंग हलतंय असं दिसलं, तरच दोष स्टिअरिंगच्या दात्यांत आहे किंवा नट ढिला आहे. हे दुसरं निघालं तर गाडी तिथेच थांबवा.

ठरावीक वेगाला हात थरथरत असतील, तर चाकांचं बॅलन्सिंग बघा. त्यात स्टिअरिंगचा काही दोष नाही.

गाडीला एअरबॅग आहे. स्वतः काढावं का?

कारखान्याचं सर्व्हिस मॅन्युअल समोर असेल आणि त्यातली प्रत्येक पायरी पाळण्याची तयारी असेल, तरच. नाहीतर हे काम प्रशिक्षित माणसाकडून करून घ्या. जुनी गाडी म्हणजे एअरबॅग नसणार, असं गृहीत धरू नका. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये चालकाची एअरबॅग १९८१ सालीच आली होती, आणि १९९०च्या दशकात ती साध्या गाड्यांतही रुळली. आज ‘जुनी’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या कित्येक गाड्या त्याच काळातल्या आहेत.

पद्धत अशी: किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली आणि तिचं टोक बॅटरीला चुकूनही टेकणार नाही असं बाजूला ठेवलेलं. मग थांबायचं. अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग उघडावी, म्हणून तिच्या यंत्रणेत कपॅसिटर असतो आणि तो काही काळ वीज साठवून ठेवतो. काही गाड्यांना दोन मिनिटं पुरतात, काहींना अर्धा तास सांगितलेला असतो. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तेवढं थांबा, आणि वर थोडं जास्तच थांबा.

एअरबॅगच्या तारा आणि कनेक्टर बहुधा पिवळे असतात. त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही. मीटरमधून जाणारा किरकोळ प्रवाहसुद्धा ती पेटवू शकतो. काढलेली एअरबॅग नेताना तिची दर्शनी बाजू अंगापासून लांब धरा आणि ठेवताना दर्शनी बाजू वर ठेवा. पालथी ठेवलेली एअरबॅग उडाली तर तिचं जड धातूचं डबडं वर फेकलं जातं.

स्टिअरिंग आणि कॉलम यांच्यामध्ये क्लॉक स्प्रिंग असते. डबीत गुंडाळलेली ही पातळ पट्टी स्टिअरिंग फिरलं तरी एअरबॅगचा विजेचा जोड टिकवते. स्टिअरिंग काढण्याआधी चाकं सरळ करा आणि स्टिअरिंग निघताच तिला चिकटपट्टी लावा, म्हणजे ती आपोआप फिरणार नाही. तिचा मध्य चुकला, तर एका बाजूला पूर्ण वळवताना ती तुटते. ज्या गाड्यांत घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, त्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सरही इथेच असू शकतो. काम झाल्यावर त्याला पुन्हा शून्यावर आणावं लागतं.

मग एअरबॅगचं स्टिअरिंग काढून देखणं स्पोर्ट्स स्टिअरिंग लावलं तर?

रस्त्यावर चालवायच्या गाडीत हे करू नका. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा इशारा-दिवा पेटू नये म्हणून कनेक्टरला रेझिस्टर लावण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. त्याने दिवा विझतो, संरक्षण काही परत येत नाही. शिवाय अनेक गाड्यांत सीटबेल्ट आणि एअरबॅग एकमेकांच्या हिशेबाने बनवलेले असतात. धडकेच्या वेळी बेल्ट थोडा ढील देतो, कारण पुढे एअरबॅग असणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. एअरबॅग काढली की त्या ढिलाईला पुढे काहीच उरत नाही.

भंगारातून जुनी एअरबॅग आणून बसवणंही तितकंच वाईट. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेटचं इंधन होतं. उष्णता, दमटपणा आणि वय यांनी ते बिघडलं आणि फुगवणारं धातूचं डबडंच फुटून तुकडे उडू लागले. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्या गाडीचा चॅसी नंबर उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून तिच्यासाठी असा रिकॉल प्रलंबित आहे का, ते आजच बघून घ्या. मग स्टिअरिंग बदला अगर न बदला.

कोणती हत्यारं लागतात?

सॉकेटचा संच आणि लांब दांडा. मधल्या नटाचं माप गाडीप्रमाणे बदलतं. १९ ते २७ मिलिमीटरच्या दरम्यान काहीतरी निघतं, जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्यांत इंचाचं माप. त्याशिवाय स्टिअरिंग पुलर (शाफ्टवरून स्टिअरिंग ओढून काढणारं हत्यार), टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना), न पुसणारा मार्कर, पातळ पेचकस, गंज सोडवणारं तेल. काही गाड्यांत नटाऐवजी मधोमध बोल्ट असतो आणि त्याला आतून बारा टोकांची किंवा षटकोनी चावी लागते. चुकीची चावी कोंबून त्या बोल्टचं डोकं गोल केलंत, तर तासाभराचं काम दोन दिवसांचं होतं.

पुलर विकत घ्यायचा कंटाळा करू नका. या कामात ज्यांचं बिघडतं, त्यांतल्या बहुतेकांकडे पुलर नसतो.

काढायचा क्रम काय?

एअरबॅग नसलेली गाडी धरून सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, नाहीतर हॉर्न सगळ्या गल्लीला ऐकवत बसेल. गाडी थोडी सरळ चालवून पुढची चाकं सरळ असताना उभी करा. हॉर्नचं बटण काढा. ते कधी नुसतं दाबून बसवलेलं असतं, कधी दाबून फिरवावं लागतं, कधी स्पोकच्या मागून स्क्रू असतात. निघेना म्हणून पेचकसाने उचकटू नका. मागे स्क्रू आहेत का ते आरशात बघा. बटणाखालच्या स्प्रिंग, वॉशर, प्लॅस्टिकच्या चकत्या कोणत्या क्रमाने निघाल्या त्याचा फोटो काढून ठेवा. यातली एखादी चकती विद्युतरोधक असते. ती हरवली की हॉर्न वेडा होतो.

नटाखाली कान दुमडलेला वॉशर असेल तर कान सरळ करा. नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका. तीन-चार आट्यांवर राहू द्या. आता शाफ्टच्या टोकावर आणि स्टिअरिंगच्या मध्यभागी एकाच रेषेत मार्करची खूण करा. ही एक रेघ पुढचे निम्मे प्रश्न वाचवते.

नट ढिला करताना जोर स्टिअरिंग लॉकवर येऊ देऊ नका. लॉकची खिट्टी चोराला अडवायला असते, लांब दांड्याचा जोर झेलायला नव्हे, आणि ती मोडली की अर्धवट अडकून बसू शकते. दुसऱ्या माणसाला रिम घट्ट धरायला सांगा.

नट ढिला झाला, पण स्टिअरिंग हलायला तयार नाही. हातोडा मारू का?

नाही. शाफ्टच्या टोकावर तर अजिबात नाही, आणि याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

पूर्वीच्या गाड्यांत स्टिअरिंगचा शाफ्ट एकसंध होता. समोरून धडक बसली की पुढचा भाग मागे सरकायचा आणि शाफ्ट भाल्यासारखा चालकाच्या छातीत घुसायचा. यावर उपाय म्हणून दबणारे कॉलम आले. अमेरिकन कंपन्यांनी १९६७च्या मॉडेलांपासून ते मोठ्या प्रमाणावर बसवायला सुरुवात केली. १ जानेवारी १९६८ पासून तिथल्या नियमाने मर्यादाच घातली: सुमारे ४८ किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली तरी कॉलम १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. हे कॉलम एकमेकांत सरकणाऱ्या दोन नळ्यांचे असतात आणि अनेकांत त्या नळ्यांना जागच्या जागी धरून ठेवतात त्या प्लॅस्टिकच्या बारीक पिना. धडकेत त्या तुटाव्यात म्हणूनच त्या तिथे असतात. हातोड्याचा घाव त्यांच्या दृष्टीने धडकच. पिना तुटल्या की स्टिअरिंग मागे-पुढे सरकू लागतं आणि सबंध कॉलम बदलावा लागतो. कॉलम त्याआधीचा असला तरी घाव वरच्या बेअरिंगला बसतो आणि शाफ्टच्या टोकाचे आटे पसरतात. मग नट चढत नाही.

पुलर असेल तर स्टिअरिंगच्या मध्यभागी आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत त्याचे बोल्ट सारखेच फिरवून घाला. फार खोल घालू नका, मागे इंडिकेटरचा स्विच असतो. मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवून सावकाश आवळा. ताण आला की जरा थांबा, पुन्हा चतकोर फेरा. ‘टक्’ असा आवाज येतो आणि स्टिअरिंग सुटतं.

भोकं नसतील तर दात्यांवर गंज सोडवणारं तेल थेंब-थेंब सोडून रात्रभर ठेवा. हॉर्नच्या संपर्क-चकतीवर ते सांडू देऊ नका. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी रिम धरून एकदा डावी बाजू, एकदा उजवी बाजू अशी आळीपाळीने स्वतःकडे ओढत राहा. नट तीन-चार आट्यांवर ठेवायला सांगितला तो यासाठीच: स्टिअरिंग अचानक सुटतं, आणि नट नसेल तर ते थेट तोंडावर येतं. नकली दात असलेल्यांनीही ही सूचना पाळावी.

हेअर ड्रायरसारख्या गरम हवेने मधला भाग जरा तापवायला हरकत नाही, अर्थात एअरबॅग नसेल तर. ज्योत मात्र नको.

दुसऱ्या कंपनीचं स्टिअरिंग थेट बसेल का?

थेट नाही. बाजारात मिळणाऱ्या स्टिअरिंगला दाते नसतातच. मागे नुसती स्क्रूची भोकं असतात. आपल्या गाडीच्या शाफ्टचे दाते आणि ती भोकं यांना जोडणारा तुकडा म्हणजे बॉस किट. दात्यांची संख्या, शाफ्टचा व्यास आणि निमुळतेपणा कंपनीगणिक, कधी मॉडेलच्या वर्षागणिक बदलतो. म्हणून बॉस किट घ्यायची ती गाडीप्रमाणे, आणि तिच्या तोंडची भोकं जुळवायची ती स्टिअरिंगप्रमाणे.

मोमो, स्पार्को आणि ओएमपी यांची सहा भोकं ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. नार्डी आणि पर्सनल यांची सहा भोकं ७४ मिलिमीटरवर. फरक चार मिलिमीटरचा. ‘भोक जरा मोठं केलं की बसतं’ असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. मोठ्या भोकात स्क्रू तिरका बसतो, डोक्याखाली धातू उरत नाही, आणि वळणाचा सगळा ताण त्या सहा बारीक स्क्रूंवरच असतो. दोन्ही वर्तुळांची भोकं पाडलेल्या बॉस किट मिळतात, नाहीतर मधली जोड-चकती मिळते.

पर्याय असेल तेव्हा दबणारी बॉस किट घ्या. तिच्या मधल्या भागाला पातळ पत्र्याची जाळी किंवा खाचा असतात आणि छाती आदळली तर ती चेपते. भरीव ॲल्युमिनियमची बॉस दिसायला भक्कम असते. छातीसमोर ती नको.

दाते बरोबर जुळलेत हे कसं ओळखायचं?

नट न लावता हाताने बसवून बघा. स्टिअरिंग सहज आत जायला हवं, आणि बसल्यावर फिरवताना जराही सैल वाटता कामा नये. जोर लावून आत गेलं तर दाते चुकीचे आहेत. सगळी दात्यांची लांबी भरते का तेही बघा. शाफ्टच्या टोकावरच अर्धवट बसलेलं स्टिअरिंग नट आवळूनही कालांतराने दाते खातं. नट चढल्यावर त्याच्या बाहेर शाफ्टचे एक-दोन आटे दिसायला हवेत.

किती व्यासाचं घ्यावं?

पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या गाड्यांना ४०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं स्टिअरिंग असायचं, ते हौसेखातर नव्हे. रिम मध्यापासून जेवढी लांब, तेवढा जोर कमी लागतो. ४०० काढून ३५० लावलंत तर तेच वळण घ्यायला साधारण १४ टक्के जास्त जोर लागेल. ४२० वरून ३५० वर आलात तर २० टक्के. चालत्या गाडीत हे फारसं जाणवत नाही. उभी गाडी चिंचोळ्या जागेतून काढताना खांदे बोलतात.

लहान स्टिअरिंगने पाय मात्र सुटसुटीत हलतात आणि चढ-उतार सोपं होतं. माझं मत विचाराल तर पॉवर स्टिअरिंग नसेल तर ३७०-३८० च्या खाली जाऊ नये. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: जुनं स्टिअरिंग ज्या मापाचं होतं त्याच मापाच्या गोलातून वेग आणि तापमानाचे काटे दिसावेत अशी डॅशबोर्डची मांडणी असते. नवं घेण्याआधी पुठ्ठ्याची तेवढी रिम कापून समोर धरून बघा.

खोलगट घ्यावं की सपाट?

सीटवर पाठ टेकून बसा आणि हात सरळ पुढे करा. मनगट रिमच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर खोलगट स्टिअरिंग ते जवळ आणेल. सहज टेकत असेल तर सपाट बरं. बॉस किटची उंचीसुद्धा यात धरा, कारण ती स्टिअरिंगला काही सेंटिमीटर मागे आणतेच. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहू द्या. इंडिकेटरची दांडी बोटांच्या टप्प्यात राहते का, हेही आधीच बघा.

लावलं, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं दिसतं. काय करू?

आधीची खूण असेल तर ती जुळली आहे का बघा. एखादा दात चुकला असणं हे सगळ्यात सामान्य कारण. ३६ दाते असतील तर एक दात म्हणजे १० अंश, ४८ असतील तर साडेसात. म्हणजे वाकडेपणा तेवढा किंवा त्याच्या पटीत असेल, तर काढून एक दात सरकवून बसवा. काही गाड्यांत एक दात मुद्दाम रुंद ठेवलेला असतो आणि स्टिअरिंग एकाच स्थितीत बसतं. तिथे हा प्रश्नच येत नाही.

मात्र स्टिअरिंग आधी सरळ होतं आणि खड्ड्यात आपटल्यावर किंवा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून आणल्यावर वाकडं झालं, तर दात सरकवून ते ‘सरळ’ करू नका. तो दोष खाली आहे. जुन्या गाड्यांच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये गिअर मुद्दाम असे कापलेले असतात की बरोबर मध्यावर ते सगळ्यात घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना जाताना थोडे सैल होतात. चाकं सरळ असताना बॉक्सही त्याच मध्यावर हवा. टाय रॉड एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी फिरवून चाकं सरळ केली असतील, तर गाडी सरळ जाते पण बॉक्स मध्य सोडून चालतो. मग सरळ रस्त्यावरच प्ले जाणवतो. कोणीतरी तो घालवायला बॉक्सचा स्क्रू आवळतो आणि नेमका मध्यावर गिअर घासू लागतो.

तपासायची पद्धत: पुढची चाकं उचलून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे न्या, तिथून पूर्ण उजवीकडे किती फेरे होतात ते मोजा, आणि बरोबर निम्म्यावर आणा. हा खरा मध्य. इथे स्टिअरिंग सरळ बसवा. मग चाकं सरळ नसतील तर दोन्ही टाय रॉड सारखेच, एक आत आणि एक बाहेर, असे फिरवून ती सरळ करून घ्या. अलाइनमेंट करणाऱ्याला हे आधीच सांगा. नाहीतर तो स्टिअरिंग वाकडं ठेवूनच ‘आकडे बरोबर आहेत’ म्हणून गाडी हातात देईल.

हॉर्न वाजत नाही, किंवा सतत वाजतोय.

बहुतेक जुन्या गाड्यांत बटण हॉर्नला वीज देत नाही. ते रिलेची (हॉर्नची वीज चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची) तार फक्त बॉडीला टेकवतं. सतत वाजत असेल तर ती तार आधीच कुठेतरी धातूला टेकली आहे. बॉसच्या भोकाच्या कडेला तिचं आवरण कापलं गेलंय, किंवा ती विद्युतरोधक चकती राहून गेलीय.

वाजतच नसेल तर अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेला विजेचा जोड, बघा. बॉसला रंग किंवा ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवरचा वीज न वाहणारा) थर असेल तर धातूचा संपर्कच होत नाही. एक जागा खरवडून घ्या. अनेक गाड्यांत शाफ्टच्या खालच्या टोकाला रबरी सांधा असतो आणि त्यावरून जाणारी छोटी अर्थिंगची पट्टी तुटलेली असते. दोष स्टिअरिंगपाशी शोधत बसतो आणि तो असतो पायांजवळ. ठरावीक कोनातच हॉर्न वाजत असेल तर संपर्क-चकती काळी पडली आहे किंवा तिला टेकणारी पिन झिजली आहे. बारीक पॉलिश पेपरने साफ करा.

तार उघडी करून कॉलमला टेकवून बघण्याआधी वायरिंगचा नकाशा बघा. काही गाड्यांत रिले नसतो आणि बटणातून थेट पॉझिटिव्ह जातो. तिथे ही चाचणी केलीत तर फ्यूज उडेल.

वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही.

स्टिअरिंगच्या किंवा बॉसच्या मागे एक खिट्टी किंवा उंचवटा असतो आणि तो फिरताना स्विचला ढकलतो. नवी बॉस बसवताना ती खिट्टी खाचेत गेली नाही, किंवा बॉस थोडी उंच बसली आहे. स्टिअरिंग पुन्हा काढा, चाकं सरळ आणि इंडिकेटर बंद असताना खिट्टी जुळवा. ती जबरदस्तीने बसवली की मोडते, आणि जुन्या गाडीचा इंडिकेटर स्विच शोधणं स्टिअरिंग शोधण्यापेक्षा अवघड.

नट किती आवळायचा?

मॅन्युअलमध्ये लिहिलाय तेवढा. जुन्या गाड्यांत तो आकडा बऱ्याचदा ३५ ते ६० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपल्या गाडीचाच आकडा वापरा. निमुळत्या शाफ्टवर जास्त आवळलं तर पुढच्या वेळी पुलरनेही निघत नाही. स्वतःहून घट्ट धरणारा नट असेल तर नवा वापरा. दुमडायच्या कानाचा वॉशरही नवा. मधोमध बोल्ट असलेल्या काही गाड्यांत तो एकदाच वापरायचा असतो. बॉसचे छोटे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे-थोडे करत आवळा, आणि आटे धरून ठेवणारं द्रावण लावा.

मग इंजिन सुरू करण्याआधी रिम धरून जोरात स्वतःकडे ओढा. दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, कुठे घासतंय का ऐका. मोकळ्या जागी सावकाश चालवून बघा. थोडे दिवस चालवल्यावर नट आणि स्क्रू एकदा पुन्हा तपासा.

झटक्यात निघणारं क्विक रिलीज लावावं का?

रेसच्या गाडीत चालकाला आत-बाहेर होण्यासाठी ते लागतं. रोजच्या गाडीत त्याने आणखी एक झिजणारा सांधा वाढतो आणि स्टिअरिंग आणखी जवळ येतं. स्वस्तातल्याला नवीन असतानाच प्ले असतो. नको.

वापरलेलं स्टिअरिंग घेताना काय बघायचं?

सपाट काचेवर पालथं ठेवा. रिम सगळीकडे टेकली नाही तर ते वाकलेलं आहे, म्हणजे बहुधा अपघातातलं. दात्यांच्या कडा धारदार हव्यात, गोल झालेल्या नकोत. स्पोकच्या मुळाशी रंग ताजा असेल तर त्याखाली काय आहे ते विचारा. नामांकित कंपन्यांच्या नावाच्या नकला भरपूर आहेत: वजनाला हलक्या, पाठीमागचा शिक्का उथळ, भोकांच्या कडा खरखरीत. मूळ मॉडेलचंच पण दुसऱ्या वर्षाचं घेत असाल तर दाते मोजून घ्या. कंपन्या मध्येच कॉलम बदलतात.

मूळ स्टिअरिंगच्या भेगा भरायच्या कशा?

सावकाश. भेग नुसती वरून भरली तर महिन्याभरात पुन्हा उघडते. ती आधी करवतीच्या पात्याने इंग्रजी व्हीच्या आकारात रुंद करा, आतली सळई दिसेपर्यंत. सळईला गंज असेल तर तो पूर्ण काढा, नाहीतर तो फुगून भराव फोडतो. मग दोन भागांची इपॉक्सी पुट्टी थोडी जास्तच भरा आणि पूर्ण वाळू द्या. कडक उन्हात वाळवायची घाई नको. घासताना ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ४०० पर्यंत या, बोटांचे खळगे असतील तर ते गोल काठीवर पेपर गुंडाळून घासा. प्रायमर, पुन्हा घासणं, मग हार्डनर मिसळून लावायचा रंग. साधा फवाऱ्याचा रंग हाताच्या घामाने चिकट होतो.

एक अपवाद. सेल्युलोज ॲसिटेटच्या काही जुन्या स्टिअरिंगला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. ते प्लॅस्टिक आतूनच विघटत आहे, आणि त्यातून निघणारं आम्ल सळईलाही खातं. त्यावर पुट्टी टिकत नाही. सांगाडा साफ करून त्यावर नवं आवरण ओतून घेणारे कारागीर असतात, त्यांच्याकडे द्या.

तोपर्यंत कव्हर घालून चालेल का?

शिवून घट्ट बसवलेलं चालेल. नुसतं ओढून चढवलेलं रिमवर फिरतं, आणि ते नेमकं तातडीच्या वळणावर फिरतं.

विमा आणि तपासणीत अडचण येईल का?

येऊ शकते. अनेक देशांत बदललेल्या स्टिअरिंगला मान्यतेचा शिक्का किंवा कागद लागतो. एअरबॅग मूळची असून काढलेली असेल तर तपासणीत गाडी नापास होऊ शकते. विमा कंपनीला बदल आधी लेखी कळवा. कागद गाडीतच ठेवा.

काढलेलं स्टिअरिंग ठेवू की विकू?

ठेवा, सगळ्या स्प्रिंग-वॉशरसह एका पिशवीत. गाडी पुढे विकताना घेणारा मूळ स्टिअरिंग मागतोच. उन्हात किंवा माळ्यावरच्या उकाड्यात ठेवू नका आणि खिळ्याला टांगू नका. जुनं प्लॅस्टिक टांगल्या जागी चिरतं. आडवं, कापडात गुंडाळून ठेवा. आंबूस वास येणारं असेल तर बाकीच्या सुट्या भागांपासून लांब ठेवा. काढलेली एअरबॅग मात्र घरात साठवू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. ती निकामी करण्याची सोय असलेल्या अधिकृत गॅरेजकडेच द्या.